भूतकाळाची फेरसुनावणी : एका जपानी दृश्य-कादंबरीचा उत्तरार्ध

कथेचा दुसरा भाग म्हटला की आपल्याला पुढे काय झाले ते हवे असते. नायक घरी परतला, मग? खुनी पकडला गेला, मग? या 'मग'च्या बळावर जगभरचे उत्तरार्ध उभे असतात. या लेखात मला अशा एका उत्तरार्धाबद्दल लिहायचे आहे, जो बहुतेक वेळ पुढे जातच नाही. त्याच गावात, त्याच जून महिन्यात, त्याच माणसांकडे तो पुन्हा परत येतो आणि त्यांचा भूतकाळ खणू लागतो. खणता खणता पूर्वार्धात आपण ज्यांना दोषी ठरवले त्यांची फेरसुनावणी सुरू होते.

ही कृती म्हणजे 'हिगुराशी नो नाकू कोरो नी काइ'. 2004 ते 2006 या काळात जपानमध्ये चार प्रकरणांत प्रसिद्ध झालेली ही दृश्य-कादंबरी म्हणजे 2002 ते 2004 या काळातल्या चार प्रकरणांचा उत्तरार्ध. मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली. तिचे रहस्य उघड केल्यावाचून तिच्याविषयी लिहिणे शक्य नाही. ज्यांना ती कोऱ्या मनाने वाचायची असेल त्यांनी हा लेख नंतर वाचावा, हे आधीच सांगून ठेवतो.

पडद्यावरची कादंबरी

'व्हिज्युअल नॉव्हेल' हा प्रकार मराठी वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल. संगणकाच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मागे एक स्थिर चित्र असते, पुढे पात्राची आकृती, आणि त्यावर किंवा खाली मजकूर. पार्श्वभूमीला संगीत आणि आवाज. वाचक बटण दाबतो, पुढचे वाक्य येते. अधूनमधून पर्याय दिले जातात आणि वाचक जो निवडेल त्याप्रमाणे कथेला फाटे फुटतात. खेळण्यापेक्षा वाचण्याकडेच याचा कल अधिक.

या प्रकाराची मुळे 1983पर्यंत मागे नेता येतात. त्या वर्षी युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा खेळ आला. 1992मध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' काढून 'साउंड नॉव्हेल' हे नाव रूढ केले. 1994मध्ये त्याच कंपनीचा 'कामाइताची नो योरू' आला. बर्फात अडकलेली माणसे, एक खून, आणि वाचकाच्या निवडीनुसार बदलणारा शेवट. 1996मध्ये लीफ या कंपनीने आपल्या कृतींना 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणायला सुरुवात केली. डिसेंबर 2000मध्ये टाइप-मून या हौशी मंडळींच्या गटाने 'त्सुकिहिमे' विकायला आणली. मोठ्या कंपनीचे पाठबळ नसतानाही असे काही करता येते, हे त्या कृतीने दाखवून दिले.

या वाटेवर उत्तरार्धाचा एक ठरावीक साचा तयार झाला होता. मूळ कथा संपली की तिच्यातल्या लाडक्या पात्रांना पुन्हा भेटवणारी पुरवणी काढायची. काही विनोदी प्रसंग, काही राहून गेलेले धागे, एखाद्या दुय्यम पात्राला थोडी जास्त जागा. वाचक खूश, मंडळी खूश. 'हिगुराशी'ने हा साचा वापरला नाही. तिचा उत्तरार्ध पहिल्या दिवसापासून ठरलेला होता, आणि त्याच्यावाचून पूर्वार्धाला अर्थच नव्हता.

काही महिन्यांची वाट

'हिगुराशी'चा लेखक 'र्युकिशी झिरोसेव्हन' या टोपणनावाने लिहितो. तो सरकारी नोकरीत होता. 'झिरोसेव्हन्थ एक्स्पान्शन' हा त्याचा छोटा गट. पात्रांची चित्रेही त्यानेच काढली. त्या चित्रांतले हात ओबडधोबड असतात, चेहरे गोलमटोल. पार्श्वभूमीला छायाचित्रांवर प्रक्रिया करून केलेली दृश्ये. चित्रकलेसाठी ही कृती कोणी विकत घेतली असेल असे वाटत नाही.

ती विकली गेली ती टोकियोच्या 'कॉमिकेट'मध्ये. हा 1975मध्ये सुरू झालेला स्वप्रकाशित पुस्तकांचा आणि खेळांचा बाजार वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरच्या अखेरीस भरतो. ऑगस्ट 2002मध्ये 'ओनिकाकुशी' हे पहिले प्रकरण आले. त्याच डिसेंबरात 'वातानागाशी', ऑगस्ट 2003मध्ये 'तातारिगोरोशी', ऑगस्ट 2004मध्ये 'हिमात्सुबुशी'. ही चार 'प्रश्न' प्रकरणे. मग डिसेंबर 2004मध्ये 'मेआकाशी', ऑगस्ट 2005मध्ये 'त्सुमिहोरोबोशी', डिसेंबर 2005मध्ये 'मिनागोरोशी' आणि ऑगस्ट 2006मध्ये 'मात्सुरिबायाशी'. ही चार 'उत्तर' प्रकरणे. 'काइ' या शब्दाचा अर्थच उकल.

हे वेळापत्रक नीट पाहायला हवे. दोन प्रकरणांमध्ये किमान चार महिने जातात. वर्षभर दिवाळी अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाला या प्रतीक्षेचे मोल वेगळे सांगायला नको. या मधल्या काळात वाचक तर्क करत होते, एकमेकांचे तर्क खोडत होते. लेखकानेही त्यांच्यापुढे आव्हानच ठेवले होते. 'हिगुराशी'त फाटे नाहीत, निवडीचे पर्याय नाहीत. वाचकाने खेळायचे ते डोक्यात. मुख्य कथेच्या मध्ये 'टिप्स' नावाची छोटी टिपणे येतात. कधी पोलिसांची नोंद, कधी वर्तमानपत्रातले कात्रण, कधी कोणाचे तरी तुटक संभाषण. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटेल. एक सलग साक्ष, आणि तिच्या कडेला पडलेले, तिच्याशी पुरते न जुळणारे कागद.

हिनामिझावा

कथा घडते हिनामिझावा नावाच्या डोंगरातल्या काल्पनिक खेड्यात. वस्ती सुमारे दोन हजार. काळ शोवा 58, म्हणजे 1983चा जून. 'हिगुराशी' म्हणजे झाडांवरून संध्याकाळी आवाज करणारा सिकाडा जातीचा कीटक. पडद्यावर वाचकाला त्याचा आवाज सतत ऐकू येतो.

गावाचे रूप घेतले आहे ते गिफू प्रांतातल्या शिराकावा-गोचे. तिथल्या ओगिमाची वस्तीतली उतरत्या गवती छपरांची घरे 1995पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कथेतल्या हिनामिझावाला एक जखम आहे : धरण. सरकारने गाव बुडवणारे धरण आखले, गावाने संघटना उभारून लढा दिला, आणि अखेर प्रकल्प रद्द झाला. हे धरण काल्पनिक असले तरी अशी धरणे काल्पनिक नव्हती. शिराकावातून वाहणाऱ्या शो नदीवरच, वरच्या अंगाला, मिबोरो धरण आहे. 131 मीटर उंचीचे हे धरण 1961मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी दोनशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली. तिथल्या रहिवाशांनी जिवाच्या करारावर विरोध करणारी संघटना स्थापन केली होती. गाव बुडाले. एका घराण्याचे मोठे घर उचलून योकोहामाच्या सांकेइएन बागेत नेले गेले, आणि दोन जुनी चेरीची झाडे 1960मध्ये मुळांसकट हलवून तलावाच्या काठी लावली गेली. धरणाखाली गेलेल्या गावांची आठवण असणाऱ्या कोणालाही या दोन झाडांबद्दल अधिक काही सांगावे लागणार नाही.

हिनामिझावा जिंकले, पण त्या विजयाला वास येतो. 1979मध्ये धरणाच्या कामावरच्या मुकादमाचा खून झाला, प्रेताचे तुकडे केले गेले. तेव्हापासून दर वर्षी जूनमधल्या 'वातानागाशी' सणाच्या रात्री कोणी मरतो, कोणी नाहीसा होतो. 1980मध्ये धरणाला पाठिंबा देणारे होजो दांपत्य कड्यावरून पडले. 1981मध्ये देवळाचा पुजारी आणि त्याची बायको. 1982मध्ये होजोंच्या मुलांची काकू ठार, आणि पोरगा सातोशी बेपत्ता. गावकरी याला ओयाशिरो-सामा या ग्रामदेवतेचा शाप म्हणतात. सणाच्या नावातही एक भूतकाळ दडलेला आहे. 'वाता' म्हणजे कापूस. जुन्या गाद्यांतला कापूस नदीत सोडायचा हा सण. पण त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आतडी. सणाचा जुना विधी काय असावा हे त्यातून वाचकाला कळते आणि तो शहारतो.

पहिली साक्ष

'ओनिकाकुशी'चा निवेदक केइइची हा शहरातून नुकताच गावात आलेला मुलगा. शाळेत त्याला मैत्रिणी मिळतात. रेना, मिओन, धाकट्या सातोको आणि रिका. रोज शाळा सुटल्यावर खेळ, हरणाऱ्याला गमतीची शिक्षा. मग त्याला शापाची माहिती कळते. मैत्रिणी त्याच्यापासून काही लपवतात. रेना हातात कोयता घेऊन फिरताना दिसते. शेवटी दोघी त्याच्या घरी येतात, एकीच्या हातात इंजेक्शनची सुई असते, आणि तो बॅटने दोघींना ठार करतो. नंतर टेलिफोनच्या खोक्यात तो स्वतःचाच गळा ओरबाडून मरतो.

दुसऱ्या प्रकरणात खुनी मिओन ठरते. तिसऱ्यात केइइची सातोकोचा छळ करणाऱ्या काकाला मारतो, आणि काही दिवसांत सगळे गावच एका रात्रीत मरते. चौथे प्रकरण पाच वर्षे मागे, 1978मध्ये जाते. टोकियोचा तरुण पोलीस आकासाका मंत्र्याच्या अपहृत नातवाच्या शोधात गावात येतो, आणि लहानगी रिका त्याला पुढच्या वर्षांतल्या मृत्यूंची यादी ऐकवते. प्रत्येक प्रकरणात जग पुन्हा सुरू होते, मेलेले जिवंत असतात. चारही संपल्यावर वाचकाकडे चार प्रेतांचे ढीग असतात आणि एकही उत्तर नसते.

उत्तरार्ध इथे सुरू होतो. नेहमीच्या रहस्यकथेत या जागी गुप्तहेर येतो, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि बोटाने खुनी दाखवतो. 'काइ'ने तसे केले नाही. तिने साक्षीदार बदलले.

बदललेली नावे

'काइ'ची चारही प्रकरणे शेजारी ठेवून वाचताना मला एक गोष्ट ठळकपणे दिसली. जिथे जिथे एखाद्या पात्राचा भूतकाळ उघडतो, तिथे तिथे आधी त्याचे नाव सुटे होते.

'मेआकाशी' हे दुसऱ्या प्रकरणाचे उत्तर. घटना त्याच, पण आता सांगणारी मिओनची जुळी बहीण शिओन. दुसऱ्या प्रकरणात मिओन म्हणून जी खुनी आपण पाहिली, ती मिओनचे सोंग घेतलेली शिओन होती. इथवर चलाख युक्ती. पण त्याखाली आणखी एक थर आहे. सोनोझाकी घराण्यात जुळ्या मुली अशुभ. वारसदार मुलीच्या नावात 'ओनि', म्हणजे राक्षस, हे चिन्ह. धाकटीच्या नावात देवळाचे चिन्ह. लहानपणी दोघी गमतीने एकमेकींच्या जागा घेत. नेमक्या अशाच एका दिवशी वारसदाराच्या पाठीवर गोंदण झाले, आणि अदलाबदल कायमची झाली. जन्माची मिओन उरलेले आयुष्य शिओन म्हणून जगली. घराबाहेर ठेवलेली, दूरच्या शाळेत पाठवलेली. शाळेतून पळून आल्यावर तिचा जीव सातोशीवर जडतो, आणि घराण्याने वाळीत टाकलेल्या कुटुंबातल्या त्या मुलाची बाजू घेतली म्हणून तिला स्वतःची तीन नखे उपटावी लागतात. सातोशी नाहीसा होतो. जाण्यापूर्वी तो तिला एवढेच सांगतो, की सातोकोकडे लक्ष ठेव.

सूडाने पेटलेली शिओन एकामागून एक माणसे मारत जाते, आणि त्यांत सातोकोही असते. जिच्याकडे लक्ष ठेवायचे तिलाच. हे ध्यानात येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि मिओननेही बहिणीच्या बरोबरीने, कोणाला न सांगता, आपली तीन नखे उपटली होती, हेही तिला उशिराच कळते. शिओनचा भूतकाळ तिची बाजू मांडत नाही. तो आपल्याला एवढेच सांगतो, की तिच्याजवळ सूडाखेरीज दुसरी वाट होती, आणि ती तिला एका माणसाने आधीच सांगून ठेवली होती.

'त्सुमिहोरोबोशी'त हीच रीत रेनाच्या बाबतीत येते. तिचे खरे नाव रेइना. आईने दुसऱ्या पुरुषासाठी घर सोडले, बाप कोसळला, ती बापाबरोबर मूळ गावी परतली. येताना नावातला 'इ' तिने टाकून दिला, कारण 'इया' म्हणजे नकोसे. नकोसे सगळे त्या एका स्वराबरोबर गेले असे तिला वाटले. पण बापाच्या आयुष्यात पैशावर डोळा ठेवून एक बाई येते आणि रेना तिला आणि तिच्या साथीदाराला मारते. मित्रांना प्रेते सापडतात. ते पोलिसांकडे जात नाहीत, तिच्याशेजारी उभे राहतात.

याच प्रकरणात केइइचीचाही भूतकाळ बाहेर येतो. शहरात असताना तो खेळण्यातल्या बंदुकीने लहान मुलांवर नेम धरत असे. खेड्यात आलेला निष्पाप नवखा म्हणून ज्याचा हात धरून आपण या गावात शिरलो, तोही काही टाकून देऊन आलेला होता. आणि मग पुढची पायरी. एका क्षणी त्याला पहिले प्रकरण आठवते. हे अशक्य आहे, कारण ते जग संपलेले आहे. त्याला आठवते की आपण दोन मैत्रिणींना मारले होते, आणि त्या काळजीपोटी आल्या होत्या. तिच्या हातात सुई नव्हती. हरलेल्याच्या तोंडावर रेघोट्या ओढायचा मार्कर होता.

तीन वर्षांपूर्वी वाचलेल्या त्या प्रसंगात एकही शब्द बदललेला नाही. सुई म्हणून लिहिलेले आजही तिथे सुई म्हणूनच आहे. बदलले आहे ते त्या साक्षीचे वजन. इतिहासाच्या अभ्यासात आपण ज्याला साधनचिकित्सा म्हणतो, ती इथे एका शाळकरी मुलाच्या तोंडून येते : मी पाहिले ते मी भीतीने पाहिले.

गावाचा भूतकाळ

एकेका माणसाचा भूतकाळ उघडणे हे चांगल्या कादंबरीचे नित्याचे काम. 'काइ'ने याहून अवघड काम 'मिनागोरोशी'त केले. तिथे तिने आख्ख्या गावाचा भूतकाळ हाताळला.

धरणाच्या लढ्यात गावाने एकी केली. त्या एकीची किंमत होजो कुटुंबाने चुकवली. आईबाप धरणाच्या बाजूचे, म्हणून मुलांना वाळीत टाकले गेले. धरण रद्द झाले तरी वाळीत टाकणे चालूच राहिले, कारण ते थांबवा असे म्हणायला कोणी पुढे येईना. मनातून सगळ्यांना ते नकोसे झाले होते. घराण्याच्या म्हाताऱ्या मुख्य बाईलासुद्धा. पण प्रत्येकाला वाटत होते की बाकीच्यांना ते हवे आहे. समाजाच्या इतिहासातली ही एक जुनी गोष्ट र्युकिशीने फार नेमकी पकडली आहे.

सातोकोचा काका परत येतो आणि तिचा छळ सुरू होतो. तिसऱ्या प्रकरणात केइइचीने याला उत्तर म्हणून खून केला होता. आता तो बालकल्याण कार्यालयात जातो. कार्यालय दाद देत नाही, कारण सातोकोने पूर्वी सावत्र वडिलांविरुद्ध खोटी तक्रार केली होती. तोही तिचाच भूतकाळ. मग मुले दुसऱ्या दिवशी जास्त माणसे घेऊन जातात, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. शेवटी धरणाविरुद्ध लढलेली जुनी संघटनाच, तिच्या सगळ्या कसबांसह, होजोंच्या मुलीसाठी रस्त्यावर उतरते. ज्या एकीने त्या पोरीला गावाबाहेर ढकलले तीच एकी तिला परत आणते.

मला ही संपूर्ण कृतीतली सर्वांत मोलाची जागा वाटते. खून, शाप, राक्षस यांपैकी इथे काहीच नाही. एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या आहेत, निवेदन आहे, आणि मदत मागायला घाबरणारी एक मुलगी आहे. भूतकाळाचे दोन उपयोग इथे समोरासमोर ठेवले आहेत. तो ओझे म्हणून वाहता येतो, आणि अवजार म्हणूनही वापरता येतो. त्यातला कोणता उपयोग करायचा हे गावाने ठरवायचे असते.

खुनी बाईचे बालपण

शेवटचे प्रकरण 'मात्सुरिबायाशी' सुरू होते ते एका लहान मुलीपासून. तानाशी मियोको. आईबाप रेल्वेच्या अपघातात गेले. अनाथाश्रमात मारहाण. पळून जाऊन ती टेलिफोन गाठते आणि वडिलांच्या जुन्या गुरूंना, डॉक्टर ताकानो हिफुमी यांना हाक घालते. ते तिला घरी आणतात. हिफुमी एका खेड्यातल्या विचित्र आजारावर संशोधन करत असतात. बडे लोक येतात, त्यांच्या प्रबंधाची टर उडवतात, कागद पायांखाली तुडवले जातात. मुलगी हे पाहते.

'हिफुमी' या नावाची चिन्हे म्हणजे एक, दोन, तीन. मियोको मोठी होते तेव्हा स्वतःचे नाव बदलून 'मियो' करते : तीन, चार. आजोबांनंतरचा पुढचा आकडा. हीच ताकानो मियो, गावच्या दवाखान्यातली हसतमुख परिचारिका, दर वर्षी शापाच्या गोष्टी रंगवून सांगणारी. सगळ्या जगांत गावाचा घात करणारी तीच. आजोबांचा सिद्धान्त खरा ठरावा म्हणून तिला दोन हजार माणसे मरायला हवी आहेत.

इथे खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो या एका खेळापुरता नाही. खुन्याचे बालपण सांगणे म्हणजे त्याला माफ करणे का? गेल्या काही दशकांत खलनायकाला दुखरे बालपण देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की वाचक आता ती आधीच ओळखतो. बहुतेकदा ती पळवाट असते. दोष अनाथाश्रमाचा, अपघाताचा, कोणाचाही.

'काइ' या पळवाटेपासून बऱ्याच अंशी वाचते, आणि त्याचे कारण तिच्या क्रमात आहे. ताकानोचे बालपण येते तेव्हा आपण सात प्रकरणे तिच्या कृत्यांत राहून आलेलो असतो. सातोको, रिका, रेना कशा मेल्या ते आपल्याला पाठ असते. हेच बालपण पहिल्या प्रकरणात आले असते तर ती आपली नायिका झाली असती. दुसरे कारण तुलनेचे. टेलिफोनमधून मदत मागणारी मियोको आणि कार्यालयात तोंड न उघडणारी सातोको एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. एकीची हाक एका माणसाने ऐकली, दुसरीची आख्ख्या गावाने. छळ दोघींच्या वाट्याला आला. पुढे एकीने माणसांचा हात धरला आणि दुसरीने एका प्रबंधाचा. लेखक ताकानोला समजून घ्यायला सांगतो. तिच्या योजनेच्या बाजूने मात्र तो एकही वाक्य लिहीत नाही, आणि मुले तिच्याविरुद्ध लढून जिंकतात.

याच प्रकरणात वाचकाला, बहुधा प्रथमच, काही करायला लावले आहे. कथेचे सुटे तुकडे समोर येतात आणि ते योग्य क्रमाने उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चुकीचा तुकडा आधी उघडला तर तो कळतच नाही. कारण आणि परिणाम यांची संगती लावणे हे इतिहासकाराचे काम वाचकाच्या बोटांना दिले आहे.

काय हरवले

स्तुती इथे थांबवायला हवी, कारण या उत्तरार्धाने काही गमावलेही आहे.

पूर्वार्धात भीतीचा उगम अस्पष्ट होता. शाप की माणूस, वेड की कट? उत्तरार्ध त्याला नाव देतो : हिनामिझावा सिंड्रोम, मेंदूत घर करणारा परजीवी, माणसाला संशयाने पोखरणारा. त्यामुळे पात्रांचे खून समजतात, पण काहीसे हलकेही होतात. केइइचीने मैत्रिणींवर अविश्वास ठेवला तो माणूस म्हणून की रोगी म्हणून? कृती एकीकडे सांगते की पाप मान्य करा, मित्रांपाशी बोला. दुसरीकडे त्या पापाला वैद्यकीय कारण पुरवते. ही दोन्ही उत्तरे एकत्र नीट नांदत नाहीत.

दुसरा तोटा मला अधिक जाणवतो. धरण, वाळीत टाकणे, घराण्याची सत्ता, गावाचे मौन, हे सगळे पूर्वार्धात गुन्ह्याच्या मुळाशी असल्यासारखे वाटत होते. उत्तरार्धाच्या अखेरीस गुन्ह्याची सूत्रे टोकियोतल्या सत्तेच्या कटाकडे आणि एका बाईच्या वैयक्तिक दुःखाकडे जातात. गाव निर्दोष ठरते. वाचकाला हायसे वाटते, पण एक सामाजिक प्रश्न कौटुंबिक करून सोडवल्यासारखेही वाटते. 'मिनागोरोशी'तल्या त्या पायऱ्यांवर जो इतिहास उभा राहिला होता, तो अंतिम लढाईच्या धुरात थोडा मागे पडतो.

तरीही पुढच्या काळात या पद्धतीचा प्रभाव ओसरला नाही. 2006 आणि 2007मध्ये तिच्या दोन चित्रमालिका आल्या आणि हौशी गटाची ही कृती घरोघरी गेली. 2020मध्ये नवी चित्रमालिका आली तेव्हा प्रेक्षकांना ती जुनीच गोष्ट पुन्हा सांगते आहे असे सुरुवातीला भासवले गेले. वाचकाला जे आधी ठाऊक आहे त्यालाच कथेचे साधन करायचे, ही 'काइ'ची शिकवण तिथेही कामाला आली.

शेवटच्या तुकड्यात कथा लहान मियोकोकडे परत जाते. एक अनोळखी तरुणी तिला भेटते, तिच्याशी बोलते, आणि ज्या अपघाताने पुढचे सगळे घडले तो त्या मुलीच्या वाट्याला येत नाही. लेखकाला इथे खलनायिकेला शिक्षा करणे सोपे होते, तिला अश्रू ढाळायला लावणे त्याहून सोपे. त्याने तिच्या भूतकाळात एक माणूस पाठवला. दोन हजार प्रेते मोजून झाल्यावर, आणि त्यांतले एकही न विसरता, हे करायला धाडस लागते. फेरसुनावणीत शिक्षा कायम राहिली तरी चालेल, पण साक्ष मात्र पूर्ण घेतली पाहिजे, एवढा या उत्तरार्धाचा आग्रह आहे, आणि तो मला पटतो.